मुंबई ते ऑकलंड: अंतर किती आणि वेळ किती

पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलासह ऑकलंडला स्थायिक झाल्यास मुंबईतील आई-वडिलांकडे अडीअडचणीला किती वेळात पोहोचता येईल, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम तुम्ही वाचलेच असतील, म्हणून त्यांत शिरत नाही.

जवळात जवळच्या हवाई मार्गाने हे अंतर सुमारे 12,300 किलोमीटर भरते, मात्र या मार्गावर थेट विमान नाही. मुंबई ते सिंगापूर 3,900 किलोमीटर, म्हणजे साधारण साडेपाच तास आणि तेथून ऑकलंड 8,400 किलोमीटर, म्हणजे दहा तासांच्या आसपास. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच असल्यामुळे तेथे उतरल्याने अंतर फारसे वाढत नाही, वाढतो तो वेळ. दुबईमार्गे जाणारा प्रवासी मात्र आधी उलट दिशेला 1,900 किलोमीटर जातो आणि मग 14,200 किलोमीटरांसाठी सोळा तास एका जागी बसून राहतो. तिकीट स्वस्त दिसले तरी लहान मुलाला घेऊन हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. न्यूझीलंड भारताच्या साडेसहा तास पुढे आहे आणि सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत साडेसात. त्यामुळे दुपारी ऑकलंडहून निघालेला माणूस त्याच रात्री मुंबईत उतरल्याचे कागदावर दिसते; प्रत्यक्षात पश्चिमेकडे येताना समोरच्या वाऱ्यामुळे हा प्रवास बहुधा अधिकच लांबतो.

मुलाच्या शाळेचा विचार आतापासून करा. येथे न्यूझीलंडमध्ये शालेय वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते आणि मधल्या सुट्ट्या दोन-दोन आठवड्यांच्या असतात, ज्यांतले कितीतरी दिवस जाण्या-येण्यात आणि झोपेची घडी बसवण्यातच जातात. घरच्या लग्नासाठी माझ्या मुलीची सुट्टी आठवडाभर वाढवली, तेव्हा शाळेने ती असमर्थनीय गैरहजेरी म्हणून नोंदवली आणि तसे पत्र पाठवले. मुख्याध्यापकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, पण नोंद बदलली नाही. नियमाप्रमाणे ते पत्र बरोबरच होते, आणि नेमके म्हणूनच ते मला अजून डाचते.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्याच दिवशी जागा मिळाली तरी दारापासून दारापर्यंत अख्खा दिवस धरा. आजारपणात पोहोचता येते, अंत्यविधीला बहुधा नाही. कोणासाठी थांबायचे आणि कोणासाठी नाही, हे घरच्यांशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवा. पुढे मुलाने येथील नागरिकत्व घेतले तर भारतात जाण्यासाठी त्याला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचे ओळखपत्र) किंवा व्हिसा लागेल. दोन कागदांवर माझे नाव वेगवेगळे लिहिले होते, तेवढ्यावरून आमचा अर्ज परत आला होता. तेव्हा नावे आजच ताडून पाहा.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही. तो पहिल्या हिवाळ्यात जाणवतो, नंतर कामाच्या रगाड्यात मागे पडतो.

न विचारलेले आणखी एक सांगतो. गणपतीला ये, असा भावाचा फोन आला की मी “फार लांब पडते रे” म्हणतो, आणि ते खरे असूनही म्हणताना मला थोडे सुटल्यासारखे वाटते. थेट विमान सुरू व्हावे असे येथल्या चारचौघांबरोबर मीही म्हणतो; ते खरोखर सुरू झाले तर भावाला काय सांगायचे, हे मात्र मला अजून सुचलेले नाही.