नागलीचं बिस्कीट, पण नागली कुठाय?

प्रश्न: ताई, मुलगी १० महिन्यांची आहे. सासूबाईंनी दुकानातून लहान मुलांचं नागली (नाचणी) बिस्कीट आणलं, पुड्यावर हसरं बाळ न नागलीचं कणीस, आणि मोठ्या अक्षरात "पौष्टिक". मागचं वाचायला गेले तर अक्षरं मुंगीएवढी, त्यातलं अर्धं कळलंच नाही. नेमकं काय बघायचं? आणि सासूबाई मधाचं बोट चाटवू म्हणतात, चालेल का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: अगं पुढची बाजू ही जाहिरातच असते, पुडा आधी उलटा कर. मोबाईलने फोटो काढून झूम करायचा, मी पण तेच करते, चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही मला ते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. आता तुझ्या पुड्यावर मैदा, साखर, पामतेल आणि मग चौथ्या नंबरला नागली असेल, तर ते मैद्याचंच बिस्कीट झालं ना, नागली नुसती नावाला. नागलीपुढे कंसात टक्केवारी असली तर तीही बघ.

साखरेचं तर विचारूच नकोस. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, गूळ, खजूर सिरप अशी वेगवेगळ्या नावांनी थोडी थोडी घालतात, मग यादीत एकही नाव वर येत नाही (माल्टोडेक्स्ट्रिन कागदोपत्री साखरेत मोजतच नाहीत, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं). खालच्या तक्त्यात एकूण साखर आणि ॲडेड शुगर (म्हणजे वरून घातलेली) वेगळी असते, दुधाची पावडर असेल तर एकूण साखर जास्त दिसणारच, तिला घाबरू नकोस, ॲडेडचा आकडा बघ. ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. दोन वर्षांपर्यंत वरची साखर शून्यच बरी. त्याच तक्त्यातल्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात सगळं मिळून १ ग्रॅम मीठसुद्धा जाऊ नये. शेवटी गहू, दूध, सोया असलं ॲलर्जीचं लिहिलेलं असतं, घरात कुणाला त्रास असेल तर ते आधी वाच.

मध मात्र अजिबात नको, एक बोटसुद्धा नाही, वर्षाचं होईपर्यंत. मधात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि मध उकळून घातला तरी ते मरत नाहीत. सासूबाईंना सांग की डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय, आपण सांगितलेलं कोण ऐकतं :) बिस्किटात मध असला तरी तो पुडा नको.

आणि नागली तर आपल्याच जिल्ह्यात पिकते, सुरगाणा, पेठ, त्र्यंबक सगळीकडे. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून, मंद भाजून दळायची न मलमलच्या कापडाने चाळायची. दोन चमचे पिठाची खीर नीट शिजवून द्यायची, गोडीला मऊ केळं कुस्करून. हे काम सासूबाईंवर सोपव, मधाचा विषय आपोआप मागे पडेल. आणि आणलेला पुडा तुम्ही दोघी चहात बुडवून संपवा.