सी ड्राइव्ह भरली, काय उडवू?

प्रश्न : मिरजेत माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं करतो. कॉम्प्युटर जुना, ४ जीबी रॅम, विंडोज १०. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे आणि पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) सेव्ह करताना अडतो. भाचा म्हणतो, विंडोजमधलं ‘विनएसएक्सएस’ फोल्डर केवढं तरी मोठं आहे, तेच उडवू. उडवू का?

उत्तर : नको, भाच्याला आधी थांबवा. त्या फोल्डरमध्ये विंडोजचे सुटे भाग असतात, अपडेटला तेच लागतात. शिवाय त्याचा आकार फसवा असतो. त्यातल्या बऱ्याच फायली विंडोजच्याच ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्येही दिसतात, पण डिस्कवर त्या एकदाच असतात, एका खोलीला दोन दारं असावीत तसं. हाताने पुसायला गेलात तर मशीन सुरूच न होण्याची पाळी येईल.

पहिलं काम बॅकअपचं. पत्रिकांच्या फायली, चित्रं आणि फाँट बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हवर कॉपी केली म्हणजे झालं असं समजू नका. जुन्या मशीनमध्ये सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. फाँट तर विसरूच नका. श्रीलिपीत केलेली जुनी पत्रिका तो फाँट नसेल तर उघडते, पण वाचता येत नाही.

मग स्टार्टमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ शोधा, सी निवडा आणि ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा. हे बटण बरेच जण दाबत नाहीत, आणि मोठी जागा तिथेच सुटते. अपडेटचे अवशेष, टेम्पररी फायली खुशाल टिक करा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं आणि आत्ताचं विंडोज नीट चालत असेल, तर तेही. ‘डाउनलोड्स’ची ओळ दिसली तर मात्र टिक नको. गिऱ्हाइकांनी पाठवलेले नवरा-नवरीचे फोटो व्हॉट्सॲप वेबवरून तुम्ही तिथेच उतरवले असणार.

डेस्कटॉप मशीनला हायबरनेशनची, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याच्या सोयीची, गरज नसते. ते बंद केलंत तर तुमच्या ४ जीबीच्या मशीनवर दीड जीबीच्या आसपास जागा मिळेल. स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. तिथे इंग्रजीत पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, एच, स्पेस, ऑफ (powercfg /h off) असं टाइप करून एंटर मारा. मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढंच.

तुमच्या धंद्यात खरी गर्दी मात्र स्क्रीनवरच्या डेस्कटॉपवर असते, आणि तो डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. प्रत्येक पत्रिकेचं फोल्डर चित्रांसकट डीवर हलवा. पेजमेकर जोडलेल्या चित्राचा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणून आधी एकच फोल्डर हलवून पत्रिका उघडा. चित्र सापडत नाही म्हणाला तर नवी जागा दाखवा, सेव्ह करा, प्रिंट काढून बघा. ते जमलं की बाकीची हलवा.

पैसे घेऊन कचरा साफ करणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका. तोच पैसा एसएसडीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कसाठी, बाजूला ठेवा. जुनं मशीनही तिच्यावर चांगलं पळतं.