आधी पॉइंटचा गॅप, मग टाइमिंग

प्रश्न : आमच्याकडे १९८४ सालची पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर आहे, मूळ १४८९ सीसी इंजिनाची. वडिलांची गाडी, म्हणून विकायची नाही. मध्यंतरी टाइमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) जुळवून घेतलं. जागेवर इंजिन सुरेख चालतं, पण खंडव्याला जाताना सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागला की टॉप गिअरला टकटक सुरू होते. मिस्त्री म्हणतात, पेट्रोल खराब. घरी काही तपासता येईल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : येईल, आणि तोवर टकटक ऐकत घाट चढू नका. स्पार्क फार लवकर पडला की वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब आदळतो. फार दिवस असं चाललं तर पिस्टन जातो. हे कमी कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, आजचं साधं पेट्रोल त्याला पुरतं.

मला संशय आहे तो कानानं लावलेल्या टाइमिंगचा. जागेवर चालणारं इंजिन अ‍ॅडव्हान्स केलं, म्हणजे स्पार्क आणखी लवकर पाडला, की वेग घेतं, आवाज गोड लागतो, म्हणून हात आणखी थोडा फिरतो. लोड नसल्यानं तिथे टकटक ऐकूच येत नाही.

सुरुवात पॉइंटपासून करा, म्हणजे डेल्कोत (डिस्ट्रिब्युटरमध्ये) उघडमीट करून स्पार्क पाडणाऱ्या दोन टोकांपासून. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टाइमिंग आपोआप अ‍ॅडव्हान्स होतं. टाइमिंग लावून नंतर गॅपला हात लावला तर सगळी मेहनत वाया. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा. जुन्या पॉइंटवर एका बाजूला उंचवटा आणि दुसरीकडे खड्डा पडलेला असतो. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) उंचवट्यावर टेकतो आणि खरा गॅप जास्त निघतो. असे पॉइंट सरळ बदला.

आता चारही प्लग काढा, कॉइलची जाड वायर बॉडीला टेकवून ठेवा. रेडिएटरकडच्या पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून हँडलनं इंजिन त्याच्या चालत्या दिशेनं हळू फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. पुलीवरची खूण दोन फेऱ्यांत एकदाच कामाची असते, म्हणून ही खात्री हवीच. खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणा. पुढे गेली तर बरंच मागे नेऊन पुन्हा आणा, नाहीतर चेनचा ढिलेपणा फसवतो.

१२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक वायर डेल्कोच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करा. डेल्कोचा क्लॅम्प सैल करून रोटर (डेल्कोच्या झाकणाखालचा फिरता तुकडा) फिरतो त्या दिशेला, बल्ब विझेपर्यंत डेल्को वळवा. मग उलट्या दिशेनं अगदी सावकाश या. बल्ब पेटला की तिथेच कसा. स्विच लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापते.

प्लग बसवून, इंजिन गरम झाल्यावर भेरूघाट चढून बघा. टकटक राहिलीच तर डेल्को रोटरच्या दिशेला किंचित वळवा. तरीही थांबली नाही तर डेल्कोतली अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून अडकली आहेत का ते पाहा, आणि हेडमधला कार्बन काढून घ्या. एक मात्र नक्की पाळा : हँडल मारून गाडी सुरू करायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. जास्त अ‍ॅडव्हान्स झालेलं इंजिन हँडल उलटं फेकतं आणि मनगट मोडतं.