वाचकांचे प्रश्न : हाऊसबोटीवर एक रात्र की दोन?

प्रश्न : केरळमधल्या कुमारकोमला दोन रात्री जायचं आहे. सोबत सत्तरीचे आईवडील आणि चार वर्षांची मुलगी आहे. दोन्ही रात्री हाऊसबोटीवरच राहावं का?

उत्तर : नको. पहिली रात्र वेंबनाड तलावाकाठच्या रिसॉर्टवर काढा, दुसरी बोटीवर. बोटीवर साधारण दुपारी बाराला चढवतात आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास उतरवतात. त्यातही संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात. म्हणजे खरा फेरफटका दुपारचाच. उशीर केलात तर तोच बुडतो. कोट्टायम स्टेशनहून कुमारकोम साधारण पंधरा किलोमीटर; आदल्या रात्री रिसॉर्टवर असलात की बाराची बोट गाठणं सोपं.

पैसे भरण्याआधी एसीबद्दल स्पष्ट विचारा. बऱ्याच बोटींवर तो फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा चालतो. दिवसभर हवा असेल तर जनरेटर सतत चालणार, मग आवाज आणि डिझेलचा वास सोसावा लागतो.

आईवडिलांसाठी खोली खालच्या मजल्यावरचीच घ्या, वरचा जिना अरुंद आणि उभा असतो. धक्क्यावरून बोटीत जाताना कधीकधी फळीवरून चालावं लागतं. खलाशाचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकू देऊ नका.

मुलीचं लाइफ जॅकेट मात्र बोट सुटण्याआधी घालून बघाच. जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकलं, तर पाण्यात ते निसटेल. लहान मापाचं, पायांमधून पट्टा असलेलं मागा. नसेल तर दुसरी बोट बघा.