व्हर्च्युअल मेमरी 'आभासी' कशी?

प्रश्न असा आला आहे: विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'कॅश्ड' म्हणून जी मेमरी दिसते तीच व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे आभासी स्मृती का? आणि 'व्हर्च्युअल'ला 'आभासी' म्हणणे बरोबर आहे का?

पहिल्याचे उत्तर 'नाही'. डिस्कवरची फाइल एकदा वाचली की ऑपरेटिंग सिस्टिम तिची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) रॅममध्ये राखून ठेवते, ही डिस्क कॅश. रॅम अपुरी पडली की बराच वेळ न लागलेली पाने डिस्कवर हलवते, ते स्वॅपिंग. दिशाच उलट्या. त्यात स्वॅपिंगलाच व्हर्च्युअल मेमरी समजायची चाल पडली आहे. विंडोजमध्ये पेजिंग फाइलचा (हलवलेली पाने जिथे ठेवतात त्या डिस्कवरच्या फाइलचा) आकार ठरवायच्या चौकटीवर तेच नाव असल्याने हा गैरसमज हटत नाही. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःचे पत्ते देऊन ते रॅममधल्या खऱ्या जागांशी जोडायची सोय; स्वॅप पूर्ण बंद केले तरी ती चालूच असते.

आता 'आभासी'. हा शब्द सतत कानी पडतो आणि दर वेळी खटकतो. 'व्हर्च्युअल'चे मूळ लॅटिन 'विर्तुस', म्हणजे पराक्रम, सामर्थ्य. त्याच्याही मागे 'विर', म्हणजे पुरुष. आणि हा 'विर' संस्कृत 'वीर'चा सख्खा भाऊ! नावरूपाने नसले तरी सामर्थ्याने, परिणामाने जे आहे ते व्हर्च्युअल. आभासाचे नेमके उलटे. तर्कशास्त्रातला हेत्वाभास, म्हणजे खोटे कारण, हेतूसारखा दिसतो, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. व्हर्च्युअल मेमरी मात्र काम चोख करते. प्रोग्रॅमने पत्ता दिला की प्रोसेसर पेज टेबलात (कोणते पान कुठे आहे त्याच्या तक्त्यात) पाहून रॅममधली खरी जागा काढतो. पाने बहुधा ४ केबींची. पान रॅममध्ये नसेल तर पेज फॉल्ट होतो, ऑपरेटिंग सिस्टिम पान आणून ठेवते, अडलेली सूचना पुन्हा चालते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. १९६२ साली मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १६ हजार शब्दांची (मेमरीतल्या एककांची) कोअर मेमरी, म्हणजे त्या काळची मुख्य मेमरी, आणि ९६ हजार शब्दांचा ड्रम, म्हणजे फिरता चुंबकीय साठा, प्रोग्रॅमरला एकसंध साठा म्हणून वापरता येत होता. यात आभास कोणता?

शांकर वेदान्ताने हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. दोरीवर दिसणारा साप प्रातिभासिक (नुसता भास), रोजचे जग व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक (अंतिम सत्य). प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता मधल्या पायरीवरचा आहे: त्याच्यावर सगळा व्यवहार चालतो, फक्त अंतिम सत्य तो नव्हे. म्हणून 'व्यावहारिक स्मृती' म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. 'आभासी'चे कैवारी भौतिकशास्त्रातल्या 'आभासी प्रतिमे'चा दाखला देतात. तिथे तो शब्द शोभतो, कारण आरशातली प्रतिमा पडद्यावर धरता येत नाही. स्मृतीत लिहिलेला आकडा मात्र जसाच्या तसा परत मिळतो. पारिभाषिक शब्द ठरवणाऱ्यांनी एका शास्त्रातला शब्द उचलून दुसऱ्यात टाकला, अर्थ तपासलाच नाही.

राहिली कॅश. फ्रेंच 'काशे' म्हणजे लपवणे, त्यावरून हा शब्द आला. ती रॅम खाते म्हणून घाबरू नये. प्रोग्रॅमला जागा लागली की त्यातली बहुतेक पाने तिथल्या तिथे सोडता येतात, कारण त्यांची मूळ प्रत डिस्कवर असतेच; फक्त बदललेली पाने आधी डिस्कवर उतरवावी लागतात. लिनक्सवर म्हणूनच 'फ्री'चा आकडा सोडून 'अव्हेलेबल'चा पाहावा.