रशियात अरेतुरे कुणाला करायचं?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत रशियनचे प्रश्न जास्त आहेत आणि फिरून फिरून सगळे एकाच जागी येतात, की समोरच्याला हाक कशी मारायची. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, ते पुढच्या अंकात घेते.

मॅडम नमस्कार, माझा मुलगा एमबीबीएसला रशियात गेलाय, पहिलंच वर्ष आहे. हॉस्टेलच्या दारावर एक वयस्कर बाई बसतात, त्यांना तो आपल्या आज्जीला म्हणतो तसं प्रेमानं ‘तू’ म्हणाला तर त्या लई चिडल्या. त्याचं नेमकं चुकलं काय?
एक पालक, राजारामपुरी

दादा, मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला पटतंय, पण चिडल्या त्या बाईंचं पण बरोबर आहे. रशियनमध्ये ‘तू’ला ‘ती’ म्हणतात आणि ‘तुम्ही’ला ‘वी’. (ही आपली ‘ती गेली’वाली ती नव्हे, ‘इ’ म्हणताना जीभ मागं ओढली की जो स्वर येतो तो यात आहे, देवनागरीत तो नीट बसत नाही म्हणून मी आपलं ‘ती’ लिहितेय.) आपल्याकडं कसंय बघा, घरात आईला तू, आज्जीला तू, देवाला तू, पण वडलांना बऱ्याच घरांत अजून तुम्ही. म्हणजे आपलं तू मायेचं पण असतंय आणि हलकं लेखायचं पण असतंय. रशियनमध्ये पण आईवडील, आजीआजोबा, देव सगळ्यांना ‘ती’च, वडील पण ‘ती’, इथपर्यंत मुलाचा अंदाज चुकला नाही. पण ते स्वतःच्या घरातल्या आज्जीला. बाहेरची आज्जी ही आज्जी नसते, ती एक अनोळखी मोठी व्यक्ती असते आणि अनोळखी मोठ्या माणसाला ‘वी’ म्हणायचं, यात सूट नाही.

आणि हे फक्त वयानं मोठ्यांसाठी नाही, इथंच आपली पोरं अडखळतात. आपण हॉटेलात ‘ए बारक्या, पाणी आण’ म्हणतो, ऑफिसात शिपायाला साहेब अरेतुरे करतो आणि शिपाई साहेबाला अहोजाहो करतो, यात आपल्याला काही खटकत पण नाही. तिथं वेटरला ‘वी’, झाडू मारणाऱ्या बाईला ‘वी’, टॅक्सीवाल्याला ‘वी’, दुकानातल्या पंचवीस वर्षाच्या पोरीला सत्तर वर्षाचे आजोबा पण ‘वी’ म्हणतात. दोन मोठी माणसं असली की जे मी तुला म्हणणार तेच तू मला म्हणणार असा हिशोब धरतात, एकानं ‘ती’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘वी’ हे लहान पोरांच्या बाबतीत नाहीतर सासूसुनेसारख्या घरातल्या नात्यांतच चालतं. एखादा साहेब तसं करतोच, नाही असं नाही, पण ते उद्धटपणातच मोजलं जातं. हे मला त्या भाषेतलं सगळ्यात आवडणारं आहे आणि आपण घ्यावं असं मनापासून वाटतं.

हे सुखासुखी मिळालेलं नाही. झारच्या सैन्यात अधिकारी शिपायाला ‘ती’ म्हणायचे आणि शिपायानं मात्र हुद्द्याप्रमाणं ‘महामहिम’ वगैरे लांबलचक पदव्या लावायच्या. 1917 साली क्रांतीत पेत्रोग्राद सोव्हिएतनं, म्हणजे तिथल्या कामगार आणि सैनिकांच्या परिषदेनं, 1 मार्चला (आजच्या कॅलेंडरनं 14 मार्च) आपला पहिला आदेश काढला, त्यात शिपायांशी उर्मटपणे वागायचं नाही आणि खास करून त्यांना ‘ती’ म्हणायचं नाही असं स्पष्ट लिहिलं होतं आणि त्या पदव्या पण बंद केल्या. म्हणजे बघा, लढाई चाललीय, खायचे वांधे आहेत आणि तरी त्यात ‘आम्हाला तुम्ही म्हणा’ ही मागणी कागदावर आली, एवढं ते माणसाला लागलेलं असणार.

आपण म्हणतो ना अरेतुरे करणं, अहोजाहो करणं, तशी तिथं पण क्रियापदं आहेत, ‘तीकत्’ म्हणजे अरेतुरे करणं आणि ‘वीकत्’ म्हणजे अहोजाहो करणं. आणि ‘तीकत्’ याच शब्दाचा दुसरा अर्थ टोचणं, बोट खुपसणं असा आहे. त्या बाईंना तेच झालं असणार.

आता मुलाला कामाच्या दोनचार गोष्टी सांगा. वर्गातल्या पोरापोरींना पहिल्या दिवसापासून ‘ती’च म्हणायचं, तिथं ‘वी’ म्हटलं तर हा आपल्याला लांब ठेवतोय असं वाटतं. बाकी कुणाशी ओळख वाढली तर ‘ती’वर यायचं आमंत्रण यावं लागतं, ‘दावाय्ते ना ती’ म्हणजे चला आता तूवर येऊ, आणि ते मोठ्यानं किंवा बाईमाणसानं द्यायची रीत आहे, आपण आपल्या मनानं उडी मारायची नाही. एकदा ‘ती’वर आल्यावर परत ‘वी’वर गेलात तर समजा भांडण झालं. क्रियापदाचं आपल्यासारखंच आहे, सांग आणि सांगा तसं ‘स्काझी’ आणि ‘स्काझीते’, शेवटचं ‘ते’ लावलं की आदर आला, त्यामुळं नमस्कार करताना पण ‘ज्द्रास्त्वुय्ते’ यातलं ‘ते’ गाळायचं नाही. तू म्हणालास, तू म्हणालीस यात बाईपुरुष कळतं आणि तुम्ही म्हणालात यात कळत नाही, रशियनमध्ये पण भूतकाळात अगदी असंच होतं, एकट्या बाईला पण ‘वी’ लावलं की क्रियापद अनेकवचनी. मराठी माणसाला हे शिकवायला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

पण एका ठिकाणी मराठी आपल्याला फसवते. आपण ‘सर आले’ म्हणतो, ‘सर आला’ म्हणत नाही. रशियनमध्ये माघारी बोलताना प्रोफेसर ‘आला’च म्हणायचं, एकवचन, त्यात अपमान नाही. माघारी अनेकवचन लावायची पद्धत जुन्या काळी नोकर मालकाबद्दल बोलताना वापरायचे, आज कुणी वापरत नाही. माझे सगळे विद्यार्थी इथं चुकतात कारण सरांना ‘आला’ म्हणायला जीभच वळत नाही. आणि सरांना ईमेल लिहायचा असेल तर सुरुवातीला ‘उवाझायेमी’ म्हणजे आदरणीय, मग नाव आणि वडलांचं नाव, त्यापुढं उद्गारचिन्ह (आपल्याला ओरडल्यासारखं वाटतं पण तिथं तीच रीत आहे), आणि पत्रात एकाच माणसाला उद्देशून ‘वी’ येईल तिथं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं काढतात. वडलांच्या नावाचं काय ते शेवटच्या प्रश्नात सविस्तर आहे, ते पण मुलाला वाचून दाखवा.

आणि त्या बाईंना जाऊन ‘इज्विनीते’ म्हणू दे, माफ करा. ‘इज्विनी’ नको, ते ‘माफ कर’ होतं, परत तेच.

आमचं महाद्वार रोडला दुकान आहे, कधीमधी रशियन पर्यटक येतात. त्यांना हाक काय मारायची? आपण काका, मावशी, पाव्हणं म्हणतो तसं काही आहे का?
एक दुकानदार

थोडं आहे. लहान पोरं ओळखीच्या मोठ्यांना ‘द्याद्या’ म्हणजे काका आणि ‘त्योत्या’ म्हणजे काकू, मावशी, आत्या सगळं त्यातच, असं म्हणतात. पण तुम्ही मोठे आहात, तुम्ही गिऱ्हाइकाला ‘त्योत्या’ म्हणू नका, वय काढल्यासारखं होईल. ‘बाबुश्का’ तर नकोच नको. बायकांना ‘देवुश्का’ चालतं, शब्दाचा अर्थ मुलगी पण चाळिशीपर्यंतच्या बाईला बिनधास्त म्हणतात, आणि तरुण पोराला ‘मोलोदोय चेलवेक’ म्हणजे तरुण माणूस. ‘तोवारिश्च’ म्हणजे कॉम्रेड हे सोव्हिएत काळातलं, आता सैन्यात हुद्द्याआधी लावतात, दुकानात नको. ‘गस्पदीन’ आणि ‘गस्पझा’ म्हणजे श्री आणि श्रीमती, ते आडनावाला जोडून सरकारी कामात. खरं सांगायचं तर सोव्हिएत काळ संपल्यावर अनोळखी माणसाला हाक मारायला सगळीकडं चालेल असा एक शब्द त्यांच्याकडं उरला नाही, ते स्वतः पण ‘इज्विनीते’ नाहीतर ‘स्काझीते पझालुस्ता’, म्हणजे कृपया सांगा, असं म्हणून सुरुवात करतात. तुम्ही पण तेच करा. पाव्हणं या शब्दाला तोड मात्र मला तिथं सापडली नाही.

माझ्या ऑनलाइन ग्रुपमध्ये एक साशा आहे आणि त्याला कुणी साशेन्का म्हणतं, कुणी साश्का, कुणी नुसतं साश. आणि आता दुसरी एक साशा आलीय ती मुलगी निघाली! मी काय म्हणू?
कॉलेज विद्यार्थिनी, ताराबाई पार्क

साशा हे अलेक्सांद्र आणि अलेक्सांद्रा दोघांचं लाडकं नाव, तसंच झेन्या पण दोघांचं असतंय. रशियन माणसाच्या कागदावरच्या नावाला एक ठरलेलं छोटं नाव असतंच, दिमीत्रीचा दीमा, व्लादिमीरचा वोलोद्या नाहीतर वोवा, येकातेरीनाची कात्या, इवानचा वान्या, आणि हे टोपणनाव नव्हे, ‘ती’च्या नात्यातलं ते साधं नावच आहे. त्यापुढं ‘एन्का’ लागलं की माया वाढली, साशेन्का, माशेन्का, हे आई म्हणते, प्रेयसी म्हणते. नुसतं ‘का’ लागलं, साश्का, माश्का, की ते आपलं सच्या, संभ्या, मंगीसारखं. तालमीतल्या दोस्तानं म्हटलं तर जीव लावणं आणि परक्यानं म्हटलं तर कानफटात. तू अजून ‘का’कडं जाऊ नकोस, साधं साशा म्हण. आणि ‘साश’ ही हाक आहे, शेवटचा स्वर गाळला की झाली हाक, साश, माश, आईला माम. आपण ‘मुलांनो’, ‘बायांनो’ करताना शेपूट लावतो, ते शेपूट कापतात. दोघं एकदम ऑनलाइन असतील तर मात्र आडनावच घे बाई.

माझी सून रशियाची आहे. मराठी बरी बोलते, मला अहोजाहोच करते, पण तिच्या आईशी फोनवर माझ्याबद्दल बोलताना माझ्या नावापुढं माझ्या वडलांचं नाव लावते. माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, माझ्या नावापुढं तर ह्यांचं नाव असतं. ती असं का करते? मला वाईट नाही वाटलं, पण ऐकलं तेव्हा कसंतरीच झालं.
एक सासूबाई, शाहूपुरी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सून तुमचा मान राखतेय, आणि तिच्या भाषेत याहून मोठा मान रोजच्या बोलण्यात नाही. रशियन नावाचे आपल्यासारखेच तीन भाग असतात, स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव. आपण वडलांचं नाव मधे लिहितो आणि फॉर्म भरून झाला की विसरतो, ते लोक त्याच नावानं हाक मारतात. मुलगा असेल तर वडलांच्या नावाला ‘ओविच’ किंवा ‘एविच’ लागतं, मुलगी असेल तर ‘ओव्हना’ किंवा ‘एव्हना’. आपल्या सचिनचे वडील रमेश, म्हणून तो तिथं झाला असता सचिन रमेशेविच. शाळेत पोरं बाईंना अशीच हाक मारतात, पेशंट डॉक्टरांना, पत्रकार राष्ट्राध्यक्षांना पण समोरासमोर ‘व्लादिमीर व्लादिमीरोविच’ म्हणतात, साहेब नाही, सर नाही, आडनाव तर नाहीच. सासूसासऱ्यांना पण बऱ्याच घरांत हेच आणि सोबत ‘वी’, कुणी कुणी ‘मामा’ म्हणजे आई म्हणतात पण ते दोघींचं जमल्यावर.

आणि तुम्हाला जे कसंतरी झालं त्याचं कारण मला वाटतं हे, की आपल्याकडं लग्नात बाईच्या नावामधनं वडील जातात आणि नवरा येतो, कुठं कुठं तर तिचं पहिलं नाव पण बदलतात. रशियात नवऱ्याचं आडनाव बायका घेतात, पण वडलांचं नाव जन्माला आल्यापासून शेवटपर्यंत तेच राहतं, लग्न होवो, मोडो, कितीही वय होवो. सत्तर वर्षाच्या बाईला अख्खी गल्ली तिच्या बापाच्या नावानं हाक मारते. तुमच्या सुनेला ह्यांचं नाव तुमच्या नावापुढं लावायचं सुचणारच नाही, तिच्या डोक्यात ती तुमची जागाच नाही, ती तुमच्या वडलांची. त्यामुळं आत कुठंतरी हललं असेल तर ते हलू दे, मला तर वाचूनच भरून आलं.

एक गंमत सांगते, जवळीक वाढली आणि वयं झाली की पहिलं नाव गळून नुसतं वडलांचंच उरतं, पेत्रोविच, इवानोव्हना, आणि त्याला ‘वी’ नाही तर चक्क ‘ती’ लागतं. गावाकडं, कारखान्यात जुनी माणसं एकमेकांना असं बोलतात आणि भराभर बोलताना शब्द पण घासतात, अलेक्सांद्र अलेक्सांद्रोविचचा होतो सान सानिच. तुम्ही मात्र सुनेला नाव आणि वडलांचं नाव असं म्हणू नका, सासूकडनं ते परकं वाटेल, तिचं छोटं नाव घ्या आणि ‘ती’ म्हणा, अगदी बिनधास्त.

वडलांचं नाव व्यंजनानं संपत असेल तर सोपं आहे, समजा शंकर असेल तर शंकरोव्हना. ‘आ’नं संपणाऱ्या नावांचं जरा वेगळं चालतं, निकीताची मुलगी निकीतिच्ना, इल्याची इल्यीनिच्ना. तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत पण वडलांचं नाव लिहायचं राहिलं बघा, पुढच्या पत्रात तेवढं कळवा, म्हणजे सूनबाई बरोबर लावते का ते बघून सांगते.