चादरी-टॉवेलांच्या दुकानाच्या नावासाठी जाड डिस्प्ले सेरिफ फाँट वापरावा का?

आपला प्रश्न असा आहे की, घरच्या मागावरच्या चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकण्यासाठी ठरवलेले इंग्रजी नाव अबरिल फॅटफेस या फाँटमध्ये उठून दिसते. तर अशा जाड सेरिफ फाँटचे वैशिष्ट्य काय, आणि तो लेबलापासून फलकापर्यंत सगळीकडे चालेल का. मी सोलापुरात 18 वर्षे डीटीपी आणि लेबलांची कामे करतो. नाव शोभेल, सगळीकडे मात्र चालणार नाही, आणि अडचण जाड रेघांची नसून बारीक रेघांची आहे.

या अक्षरांत उभ्या रेघा खांबासारख्या भरदार असतात, तर आडव्या रेघा आणि टोकाच्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ, केसाएवढ्या बारीक असतात. मधली जाडी जवळजवळ नसतेच. छोट्या ए, सी, आर या अक्षरांच्या टोकाला थेंबासारखा गोळा असतो आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा चिंचोळी होते. बोल्ड म्हणजे सगळ्या रेघा सारख्याच जाड करणे, असा पुष्कळांचा समज असतो. येथे मात्र वजन एकाच दिशेला टाकलेले असते आणि अक्षराचा सगळा रुबाब त्या विषमतेवर उभा असतो. इटलीतील पार्मा येथे जामबातिस्ता बोदोनी आणि पॅरिसमध्ये दिदो घराणे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस असा जाड-बारीक भेद खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत आणला, पण तो पुस्तकांसाठी होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भिंतीवरच्या जाहिराती आणि लॉटरीची पत्रके वाढली, तेव्हा रॉबर्ट थॉर्न यांच्यासारख्या खिळे ओतणाऱ्यांनी उभ्या रेघा आणखी फुगवल्या आणि ‘फॅट फेस’ जन्माला आला. आपण निवडलेला फाँट टाइपटुगेदर या संस्थेचा असून त्याच परंपरेतला आहे. (कूपर ब्लॅक हाही जाड सेरिफच, 1922 चा, पण त्याच्या कडा गोलसर आणि बारीक रेघाही जाडच, म्हणून तो कापडावर अधिक सोशिक ठरतो.)

आता टॉवेलाकडे येतो. एका ग्राहकाने असेच नाव टॉवेलाच्या काठात विणून मागितले होते. जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, डिझाइन करताना अक्षर चौकोनांत मांडावे लागते, आणि एका चौकोनाहून बारीक रेघ विणता येत नाही. चादरीवरचे फूलही असेच चौकोन मोजून उठते. समजा, उभी रेघ 5 मिलिमीटर आणि आडवी तिच्या विसाव्या हिश्श्याची, म्हणजे पाव मिलिमीटर आहे, आणि आपला चौकोन अर्ध्या मिलिमीटरचा आहे. तर ती आडवी रेघ एक तर दुप्पट जाड होईल, नाही तर गळेल. आमच्या नमुन्यात ती गळली. छोट्या ई अक्षराचा मधला दांडा गेल्याने त्याचा सी झाला, मोठ्या एचच्या जागी दोन सुटे खांब उभे राहिले, आणि ‘होम’ हा शब्द ओळखू येईना. चूक मागाची नव्हती, फाइल तपासून न देणाऱ्या माझी होती. पुढच्या वेळी तेच नाव आखूड आणि जाड सेरिफांच्या, क्लॅरेंडन वळणाच्या अक्षरांत केले.

छापील कामात शाईही असाच त्रास देते. गडद रंगावर पांढरी अक्षरे सोडली की भोवतालची शाई पसरून केसरेघा बुजवते. म्हणून रिव्हर्समध्ये हा फाँट लहान आकारात घेऊच नये. धुण्याच्या सूचना, किंमत, पत्ता यांसाठी तर मुळीच नाही. ‘डिस्प्ले’ फाँट या शब्दांचा अर्थच मोठ्या आकारासाठी घडवलेला असा आहे. गड्डा यात्रेत होम मैदानावरच्या स्टॉलवर फलक लावणार असाल, तर अक्षर कितीही मोठे असले तरी लांबून आधी बारीक रेघाच दिसेनाशा होतात. जवळून पाहिला जाणारा खोका, भेटकार्ड, संकेतस्थळाचा मथळा, दोन-तीन शब्दांचे नाव, येथे मात्र त्याच्यासारखा डौल क्वचितच मिळतो. अक्षरांमधले अंतर किंचित घट्ट ठेवावे. सैल सोडले की खांब सुटे दिसतात.

मराठी नावाचे काय, हे आपण विचारले नाही, पण ते लागेलच. अबरिलमध्ये देवनागरी नाही; तेथे मराठी टंकले तर संगणक गुपचूप दुसराच फाँट लावतो आणि इंग्रजी आणि मराठी ओळी एकमेकींना परक्या वाटतात. देवनागरीला सेरिफ नसतात. तिचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या कापातून आलेला आहे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या रोझा वन या मुक्त फाँटमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरे असून दोहोंत तसाच टोकाचा भेद राखलेला आहे, म्हणून जोडीसाठी मी तो सुचवेन. मात्र ‘सिद्धेश्वर’सारख्या शब्दातील ‘द्धे’ आणि ‘श्व’ लहान आकारात चिकटतात का, ते आधी पाहावे.

फाइल छपाईला देण्यापूर्वी नाव सर्वांत लहान प्रत्यक्ष मापात साध्या कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचून पाहा. कागदावरच ई आणि सी यांत गोंधळ झाला, तर मागावर तो नक्कीच होईल.